हॅवलॉकला न जाता अंदमान

अंदमानहून परत आल्यापासून जो भेटतो तो तिथल्या त्या एकाच गाजलेल्या बेटाबद्दल विचारतो, "हॅवलॉक कसं वाटलं?" गेलोच नाही म्हटलं की समोरचा असं बघतो, पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहताच आलो की काय.

याचं श्रेय ताईचं, आणि दोषही तिचाच. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, गळ्यात कायम दुर्बीण. जानेवारीत आठ दिवस हाताशी होते. ती म्हणाली, "समुद्रात डुंबायचं तर गुहागर आहे की. आपण रस्त्याने वर जाऊ, रस्ता संपेपर्यंत." वर म्हणजे उत्तरेला, डिगलीपूरला. तिच्यासमोर माझं कधी चाललंय?

दिवस पहिला: पोर्ट ब्लेअर

चेन्नईहून सव्वादोन तासांत उतरलो. सरकारी मोजदादीत इथे 836 बेटं-खडक आहेत आणि 2011 च्या जनगणनेत माणसं राहत होती ती फक्त 31 बेटांवर. खिडकीतून ते पटतं. हिरव्यागार जंगलाचे तुकडे पाण्यात सोडून दिल्यासारखे, मध्ये कुठे घर नाही की रस्ता नाही. शहराचं नाव 2024 पासून श्रीविजयपुरम आहे, पण रिक्षावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच.

पहिला धक्का घड्याळाचा. साडेपाचला सूर्य गुडुप! आपलं घड्याळ भारताचं आणि सूर्य जवळपास ब्रह्मदेशाचा, त्यामुळे इथे दिवस पहाटे सुरू होतो आणि चहाच्या वेळेला संपतो. बेत आखताना हे लक्षात ठेवा, "चारनंतर निवांत बघू" इथे चालत नाही.

दुपारी थेट सेल्युलर जेल. 1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेलं, एका मनोऱ्याभोवती सात पाखे, पैकी आज तीन उभे आहेत. प्रत्येक पाख्याचं तोंड पुढच्या पाख्याच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतल्या माणसाला समोर भिंतच दिसावी. धाकटे सावरकर 4 जुलै 1911 ला इथे आले तेव्हा थोरले बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, आणि कितीतरी दिवस एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता, हे त्या रचनेत उभं राहिल्यावर समजतं. कोलूला जुंपलेल्या माणसाने दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, बाकीच्यांनी नारळाची सोडणं कुटून काथ्या करायचा.

एक सांगतो, राग मानू नका. आपली मराठी मंडळी गाइडला पुढे घालून थेट सातव्या पाख्याच्या टोकाची ती एक कोठडी गाठतात, हात जोडतात, फोटो काढतात आणि खाली येतात. आम्हीही तेच केलं. मग ताई संगमरवरी पाट्यांवरची नावं वाचत बसली. बंगालची यादी संपता संपेना. इंदुभूषण राय यांनी 1912 मध्ये कोठडीत गळफास घेतला. 1933 च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नमोदास गेले. हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ताईने तीस वर्षं शाळेतच काढलीत.

बाहेर चहाच्या टपरीवर साठीच्या एक बाई होत्या. मराठी माणसाची खोड, विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मूल? जेल."

मग हसून खुलासा केला. त्या 'लोकल बॉर्न'. 10 मार्च 1858 ला डॉ. वॉकरच्या जहाजातून पहिले 200 कैदी उतरले, मग जहाजांमागून जहाजं. शिक्षेची काही वर्षं भरली आणि वागणूक बरी असली की कैद्याला जमीन कसायला मिळे, स्त्री-कैद्याशी लग्न करता येई. त्यांचे पणजोबा पंजाबातले मुसलमान, पणजी कुठल्या मुलखातली ते घरात कुणालाच माहीत नाही. "कोण जात, कोण गोत्र, कोण पूछेगा? सब एक जहाज में आए." पुढच्या सात दिवसांत मी हा मूळ गावाचा प्रश्न जवळपास प्रत्येकाला विचारला, आणि उत्तरात दरवेळी एक जहाज निघालं.

दिवस दुसरा: रॉस, चॅथम आणि एक म्युझियम

सकाळच्या बोटीने रॉस बेट. इंग्रजांची राजधानी, बॉलरूम, बेकरी, चर्च, सगळा थाट. 1941 च्या भूकंपाने ते हादरलं, पुढच्या वर्षी जपानी आले आणि इंग्रज गेले. आता वडापिंपळाच्या मुळांनी भिंती अशा आवळल्यात की विटा काढून घेतल्या तरी मुळांची भिंत उभी राहील. चितळं हाताएवढ्या अंतरावर येतात. ती बाहेरून आणून सोडलेली. ताई त्यांच्याकडे वैतागून बघत होती, कारण ती जंगलातली रोपं वाढू देत नाहीत. अंदमानात वाघ-बिबटे मूळचे नाहीतच, माकडही नाही. मूळचं सगळ्यात मोठं जमिनीवरचं जनावर म्हणजे रानडुक्कर.

जपानी काळाबद्दल पर्यटकांना फार सांगत नाहीत. 30 जानेवारी 1944 ला हम्फ्रीगंजमध्ये हेरगिरीच्या संशयावरून 44 जणांना गोळ्या घालून पुरलं. त्याच्या महिनाभर आधी नेताजी इथे येऊन गेले होते. चॅथमची सरकारी करवतगिरणी 1883 ची, तिथे बॉम्बने पडलेला खड्डा अजून आहे. पडौक लाकडाचा तो लालबुंद रंग मात्र बघण्यासारखा.

दुपारी मानववंशशास्त्राचं छोटं म्युझियम. वातानुकूलन नाही, गर्दी नाही, तासाभरात होतं. चुकवू नका. निकोबारी लोकांचं मधाच्या पोळ्यासारखं गोल घर, जंगलात राहणाऱ्या जारवा आदिवासींचं सालीचं चिलखत, लिटल अंदमानच्या ओंगी आदिवासींच्या टोपल्या. भिंतीवरच्या जुन्या फोटोंतले ग्रेट अंदमानी लोक थेट कॅमेऱ्यात बघतायत. इंग्रज आले तेव्हा ते हजारोंनी होते, वेगवेगळ्या दहा जमाती, दहा भाषा. 1859 च्या मे महिन्यात त्यांनी धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चाल केली, पण त्यांच्यातच वर्षभर राहिलेला दूधनाथ तिवारी नावाचा फरारी कैदी आधीच येऊन खबर देऊन गेला. मग बंदुका, त्यामागून आजार. 1877 ची गोवराची साथ एकटीच केवढ्यांना घेऊन गेली. 2011 च्या जनगणनेत ते 44 उरले.

बोआ सीनियर ही 'बो' भाषा बोलणारी शेवटची बाई जानेवारी 2010 मध्ये वारली. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यांनी सांगून ठेवलंय की बोलायला माणूस उरलं नाही म्हणून ही बाई पक्ष्यांशी तिच्या भाषेत बोलायची. हे मी ताईला सांगितलं. त्या संध्याकाळी ती फारसं बोलली नाही.

दिवस तिसरा: रात्री तीनला उठून बाराटांग

अंदमान ट्रंक रोडचा बराच तुकडा जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात, कागद तपासतात आणि ठरलेल्या वेळांनाच, पुढे-मागे पोलिसांची गाडी ठेवून, ताफ्याने सोडतात. पहिला ताफा सहाला. तो गाठायचा तर शहरातून तीन-साडेतीनला निघावं लागतं. आमचा ड्रायव्हर पंचविशीतला, आजोबा रांचीकडून जंगलतोडीला आणलेले. उत्तर ठरलेलं, "जहाज से."

नाक्यावर अंधारात शंभरेक गाड्या, पुरी-भाजीचा घमघमाट आणि मोठमोठे फलक. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, 40 च्या वर वेग नाही. हे नियम उगाच नाहीत. हा रस्ता सत्तरच्या दशकात सुरू झाला तेव्हापासून जारवा बाणांनी विरोध करत होते. 1997-98 पासून ते आपणहून जंगलाबाहेर येऊ लागले, आणि त्यांच्यामागे गोवर आला. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातला रस्ता बंद करायला सांगितलं. रस्ता चालूच आहे. 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्यासाठी नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा देशभर गदारोळ झाला, मग थोडी शिस्त आली.

ताफा सुटला. ताईने दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मी झोपते. बघायचं नाहीये मला." मी मात्र काचेला नाक लावून बसलो. नाही म्हणायचं कशाला, डोळे शोधतच होते. दोन्ही बाजूंना गर्जनची सरळसोट झाडं, वेलींचे पडदे, दव. तासभरात एकदाच रस्त्यालगत पानांचं एक आडोसावजा छप्पर दिसलं, खाली विझत आलेला धूर. माणूस कुणी नाही. पुढच्या गाडीतली चार डोकी एकदम त्या बाजूला वळली, आणि मला माझंच डोकं बाहेरून दिसल्यासारखं झालं.

सगळ्या अंदमानात ज्यांचं मूळ गाव खरोखर इथलंच, त्यांच्या दारातून आम्ही काचा लावून रांगेने गेलो. त्यांना काहीही विचारायची सोय नाही, आणि ते बरंच आहे.

पुढे मिडल स्ट्रेटची खाडी. गाड्या-माणसं सगळी एकाच तरीवर. मग बाराटांगच्या निलांबूर जेट्टीवरून बोटीने चुनखडीच्या गुहांकडे. निलांबूर, तिरूर, कालिकत, मन्नारघाट... ही इथली नावं 1921 च्या मलबारच्या उठावानंतर हद्दपार केलेल्या मोपल्यांची. माणसं जहाजात घातली, गावं डोक्यातून आली.

शेवटचा अर्धा मैल बोट कांदळवनाच्या बोगद्यातून जाते. दोन्हीकडची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, वर पानांचं छत, इंजिन मंदावलं की टपटप एवढाच आवाज. गुहेपेक्षा मला हेच जास्त आवडलं. पाण्यात हात घालू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे खरोखर आहेत, फलक शोभेचे नाहीत. गुहेकडे दीड किलोमीटर चालावं लागतं, विजेरी घरूनच न्या. चिखलाचा ज्वालामुखी मात्र वेळ असला तरच बघा. राखाडी चिखलातून मिनिटाला एखादा बुडबुडा येतो. ताई म्हणाली, "आमटी याहून जोरात उकळते."

इथल्या काही गुहांमध्ये एक छोटी पाकोळी निव्वळ लाळेचं घरटं बांधते. पूर्वेकडच्या देशांत त्याचं सूप करतात, म्हणून ती घरटी चांदीच्या भावाने चोरली गेली. आपल्या वेंगुर्ल्याच्या बर्न्ट आयलंडवरही तिची एक बहीण आहे, तिथेही चोऱ्या झाल्याच, पण तिच्या घरट्यात पिसं-शेवाळ मिसळलेलं असतं. आता इथल्या गुहांवर वनखात्याचा पहारा असतो. लाळेच्या वाटीला बंदूकधारी, हे ताईला फार आवडलं.

त्या रात्री रंगतला आरक्षण केलेल्या लॉजवाल्याने "आपका तो नामही नहीं" म्हणून हात वर केले. तासभर हिंडून दुसरीकडे सोय झाली. उत्तरेकडे आरक्षण केलंत तरी आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

दिवस चौथा: मायाबंदर

मायाबंदरजवळ वेबी हे कारेन लोकांचं गाव. 1925 मध्ये ब्रह्मदेशातून त्यांना जंगलाच्या कामासाठी आणलं. खांबांवर उभी लाकडी घरं, अंगणात बोट उलटी टाकून तिची डागडुजी चाललेली, टोकाला चर्च. आम्ही ज्यांच्याकडे जेवलो ते काका सुतार. भात, रानातल्या पाल्याची पातळ भाजी, भाजलेला मासा आणि न्गापी. न्गापी म्हणजे आंबवलेल्या माशांचा ठेचा. त्याचा वास घरात शिरतानाच येतो, आणि सुकट न खाणाऱ्याने तिथूनच परत फिरावं. आम्ही भात दोनदा घेतला. काका नातवाशी कारेन बोलत, बायकोशी हिंदी मिसळून, आमच्याशी नुसती हिंदी. इथे बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीवाले, सगळे आपसात हिंदीच बोलतात, आणि भारताला 'मेनलँड' म्हणतात. "मेनलँड में अभी ठंड होगा ना?"

संध्याकाळी त्यांनी किनाऱ्यावर नेलं. ओहोटीला लांबवर करडं, खडबडीत मैदान उघडं पडलेलं. मला वाटलं खडक. मेलेली प्रवाळं होती ती. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन जवळजवळ मीटरभर वर उचलली गेली आणि पाण्याखालची बाग एका सकाळीत उन्हात आली. दक्षिणेला उलटं, पोर्ट ब्लेअरकडची जमीन तेवढीच खचली. बेटं तराजूसारखी कलली. काका म्हणाले, त्या सकाळी त्यांनी आधी मासे वेचले, कारण मासे कोरड्यावर उड्या मारत होते. मग कुणीतरी ओरडलं, आणि सगळे टेकडीकडे पळाले. लिटल अंदमानमधल्या डुगाँग क्रीकचे ओंगी मात्र पाणी मागे हटताना बघूनच उंचावर निघून गेले होते. त्यांना कुणी ओरडून सांगावं लागलं नाही.

दिवस पाचवा आणि सहावा: डिगलीपूर

रस्ता इथे संपतो. पोर्ट ब्लेअरपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि उतरल्यावर वाटतं बंगालमध्ये आलो. भातखाचरं, तळी, केळी, शेणाने सारवलेली अंगणं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना 1949 पासून सरकारने अंदमानात जमिनी दिल्या, त्यातले पुष्कळ इकडे. आमच्या घरमालकीण आजींचे वडील बारिसालचे. कोलकात्याहून जहाज, मग जंगल. "जंगल काटो, धान लगाओ, मलेरिया से बचो." मोहरीच्या तेलातलं माशाचं कालवण आणि गरम भात, दोन दिवस तेच, आणि मी आणखी चार दिवस तेच खाल्लं असतं.

पाचव्या दिवशी एरियल बे जेट्टीवर वनखात्याचा परवाना घेऊन रॉस आणि स्मिथ बेटं (हे रॉस वेगळं). दोन बेटांमध्ये पांढऱ्या वाळूची एक पट्टी. ओहोटीला चालत पलीकडे जायचं, भरतीला पट्टी गायब. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा, नाहीतर नुसतं पाणी बघून याल. सावली घेऊन जा, आणि गुडघ्यापर्यंत खोबरेल चोपडा. वाळूतल्या बारीक माश्यांनी माझे पाय आठवडाभर सुजवले. ताईच्या पायांना काही नाही, कारण तिने चोपडलं होतं.

पण डिगलीपूरची खरी गोष्ट रात्रीची. कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. आम्ही वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना दोनदा पाहिलीत, आई कधीच पाहिली नव्हती. वनरक्षकाने टॉर्च, मोबाइल सगळं बंद करायला लावलं. साडेदहापासून वाळूत बसलो. डास, गार वारा, ताईची डुलकी. दीडच्या सुमाराला वनरक्षकाने माझ्या खांद्याला हात लावला. लाटेच्या रेषेवर एक काळा दगड होता, तो हलला.

ऑलिव्ह रिडले. पाच पावलं ओढल्यासारखी यायची, थांबायची, सुस्कारा टाकायची. माणसासारखा सुस्कारा. मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने खड्डा खणला, घड्यासारखा, आत रुंद. मग अंडी पडायला लागली, दोन-तीन, दोन-तीन, वनरक्षक बोटांवर मोजत होता. एकशे सात. खड्डा बुजवून अंगाने वाळू थोपटली आणि न वळता समुद्रात गेली. या सगळ्याला तास लागला. ताई तिच्या विद्यार्थ्यांना सांगायची, वाळू जास्त तापली की माद्या निपजतात, थंड असली की नर. त्या रात्री तिने काहीच शिकवलं नाही. घरी जाताना एवढंच म्हणाली, "दमली होती रे."

सहाव्या दिवशी उशिरापर्यंत झोपलो. सॅडल पीक, अंदमानचं सर्वांत उंच शिखर, 732 मीटर, खालूनच पाहिलं. नारकोंडमचा धनेश राहूनच गेला. तो पक्षी जगात फक्त त्या एका बेटावर आहे, सात चौरस किलोमीटरही नाही असं बेट, आणि तिथे आपल्याला सोडत नाहीत. ताई बराच वेळ पूर्वेकडे दुर्बीण लावून उभी होती. समुद्र दिसत होता.

दिवस सातवा: परतीचा रस्ता

पहाटेची बस, बारा तास, पुन्हा तोच ताफा. यावेळी मीही डोळे मिटून घेतले. पूर्ण मिटले असं म्हणवत नाही.

दिवस आठवा: चिडिया टापू, सिप्पीघाट

पहाटे चिडिया टापू. वीसहून जास्त पक्षी असे की ते अंदमानाबाहेर सापडत नाहीत. ताईने त्यातले नऊ टिपले, त्यात लाल तुऱ्याचा काळाकुट्ट सुतार. तो दिसला तेव्हा तिने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

एक सांगायचं राहिलं. शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावरून काहीही उचलू नका. विमानतळावर सामानातून काढून घेतात.

विमानाला वेळ होता म्हणून रांचीवाल्या ड्रायव्हरने सिप्पीघाटला गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला रुंद, उथळ पाणी, त्यात माडांचे आणि सुपारीचे वाळलेले बुंधे, बगळे, एक डोंगी. त्याने बोट करून दाखवलं, "वो तीसरा ठूँठ दिखता है? उधर से मेरे चाचा का खेत चालू होता था." 2004 ला जमीन खाली गेली, खारं पाणी आत आलं आणि परत गेलंच नाही.

मी विचारलं, "मग काका आता कुठे?"

"यहीं. उसी में मछली पकड़ते हैं."

ताईने दुर्बीण लावली, बगळ्यांसाठी. मग तीच दुर्बीण त्याच्या हातात दिली, आणि तो बराच वेळ त्या तिसऱ्या बुंध्याकडे बघत राहिला.